जमादारच्या पट्ट्यातलं दुसरं कुत्रं

औरंगाबाद,
गुरुवार, २२ जानेवारी १९८७

तीर्थस्वरूप मनकर्णाआत्याच्या पायावर तिचा भाचा बन्सी याचं डोकं. (नुसतं टेकवून उचललेलं नाही, ठेवूनच दिलेलं आहे. तू "उठ मेल्या" म्हणशील तेव्हाच वर येईल.)

हे पत्र वाचून दाखवणारे आपले सदाशिव गुरुजी यांनाही नमस्कार. गुरुजी, मागं सांगितलं होतं तेच पुन्हा सांगतो. कंसातला मजकूर मोठ्यानं वाचायचा नसतो. चौतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं शिकवल्यामुळं तुम्हाला हळू वाचणं जमत नाही, शिवाय कानानं थोडं कमी येतं म्हणून आपण केवढ्यानं बोलतोय हेही कळत नाही, हे मी समजू शकतो. पण मागच्या आधीच्या दिवाळीच्या पत्रात मी कंसात एवढंच लिहिलं होतं की आत्याचे लाडू फोडायला वरवंटा घ्यावा लागला. ते तुम्ही ओट्यावर बसून असं खणखणीत वाचलंत की सरूबाईच्या घरापर्यंत गेलं. त्यापुढच्या संक्रांतीला मला आत्याकडून एक तीळसुद्धा आला नाही.

या संक्रांतीलाही आला नाही, आत्या. या वेळचं कारण मला माहीत आहे. मार्गशीर्षात आपल्या बोरदरीत कुत्र्यांची तपासणी झाली तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. दोन पत्रं पाठवली, दोन्हींना उत्तर नाही. दोनदा गावात येऊन गेलो तेव्हा मला पोटभर जेवायला वाढलंस, पण बोललीस ती सगळी मांजराशी. हेही आपलं ठीक आहे. पण तुझी तब्येत कशी आहे ते तरी कळव. उजव्या बरगडीखालचा तो गोळा, ज्याला तू दोन वर्षं वायगोळा म्हणतेस, तो आहे तेवढाच आहे की वाढलाय? ओवा-हिंगानं उतरतो का? आणि सरूबाईला पोट चोळू देऊ नकोस. तिचा हात चांगला आहे, तिनं अर्ध्या गावाच्या बायकांची पोटं चोळलीत, सगळं खरं. तरी पण चोळू देऊ नकोस. उत्तर पाठवशील तेव्हा आधी हे लिहायचं, मग शिव्या.

आता तुला माझं काय चुकलं आणि तुझं काय चुकलं हे एकदा पहिल्यापासून सांगतो, कारण त्या दिवशी तू मला एक अक्षर बोलू दिलं नाहीस. तू गावभर सांगत फिरतेस की आमचा बन्सी औरंगाबादेत सायब झाला. आत्या, मी जनावरांच्या दवाखान्यात प्रयोगशाळेतला मदतनीस आहे. सायबाच्या टेबलावर फाइली असतात, माझ्या टेबलावर बाटल्या असतात, आणि त्या बाटल्यांत काय असतं ते तू तपासणीच्या दिवशी नाकाला पदर लावून पाहिलंसच. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी गाई, म्हशी, शेळ्या आणि कुत्री यांचं शेण नि घाण दुर्बिणीखाली बघतो आणि कुणाच्या पोटात कुठला जंत आहे ते वहीत लिहितो. (माझ्या लग्नाच्या बोलण्यात हे अजून सांगितलेलं नाही. गुरुजी, हे तर मुळीच वाचू नका.)

तर आपल्या गावच्या पुंजारामचं गेल्या पावसाळ्यात ऑपरेशन झालं आणि त्याच्या काळजातून, म्हणजे यकृतातून, नारळाएवढा पाण्याचा फुगा निघाला. गावात आधी करणी, मग भानामती, मग त्याच्या सासरवाडीची नजर, असं सगळं बोलून झालं. डॉक्टर म्हणाले की हे कुत्र्याच्या जंतापासून होतं. एवढं ऐकून आपले सरपंच काकासाहेब पेटले. चावडीवर बैठक झाली, गावातल्या एकूण एक कुत्र्याला विषाचे लाडू घालायचे असा ठराव झाला. मी धावत आमच्या डॉक्टर व्यंकटरावांकडं गेलो. ते म्हणाले, सरसकट मारून काय होणार? आधी कुठल्या कुत्र्यात जंत आहे ते ओळखू या. काकासाहेब म्हणाले, बरं, ओळखा; ज्याच्यात निघंल त्याला लाडू. इथंच सगळा घोळ झाला, आत्या. कारण त्या क्षणापासून गावातल्या प्रत्येक माणसानं एकच ठरवलं, की आपलं कुत्रं काही तपासणीला न्यायचं नाही.

हा जंत ओळखायचा म्हणजे सोपं काम नाही. दुर्बिणीखाली याची अंडी आणि दुसऱ्या साध्या जंतांची अंडी अगदी सारखी दिसतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून अख्खा जंतच बाहेर काढावा लागतो, आणि त्यासाठी कुत्र्याला द्यायचा असतो जुलाब. औषध सुपारीतून काढतात. (तू रोज चार सुपाऱ्या खातेस, तुला काही होत नाही, ही गोष्ट वेगळी.) रात्रभर उपाशी ठेवलेलं कुत्रं खुंट्याला बांधायचं, औषध पाजायचं, आणि लांब उभं राहायचं. अर्ध्या तासात जे काय व्हायचं ते होतं. मग ते सगळं गोळा करून पाण्यानं धुवून चाळायचं आणि काळ्या ट्रेमध्ये पसरून भिंगानं बघायचं. जंत केवढा? तिळाएवढा. मग ती जागा चुना टाकून, कडबा पेटवून भाजून काढायची. हे असं काम आहे. याला तू सायबी म्हणतेस.

गायरानात आम्ही चुन्याच्या रेघा मारल्या, खुंट्या ठोकल्या, काकासाहेबांसाठी टेबल, हार, नारळ. तेवीस कुत्री आली. मी त्या गावात लहानाचा मोठा झालो, आत्या, पण त्यातली निम्मी कुत्री मी जन्मात पाहिली नव्हती. एक खुलताबादच्या स्टँडवर भज्याच्या गाड्यापाशी बसणारं होतं, त्याला मी येता-जाता भेटतो. त्याला आणणारा म्हणाला, "घरचंच हाय, पिलू होतं तवापासून पाळलंय," आणि ते कुत्रं त्याच्या तोंडाकडं असं टकामका बघायला लागलं की मला हसू आवरेना. एकानं आपल्या कुत्र्याचं नाव तीनदा तीन वेगळं सांगितलं. एकानं शेजाऱ्याचं आणलं होतं आणि शेजाऱ्यानं त्याचं आणलं होतं, आणि दोघं एकमेकांकडं पाठ करून उभे होते. दवाखान्याचा ड्रायव्हर रहीमभाई मला हळूच म्हणाला, "बन्सीमियाँ, गाँव के कुत्ते तो सब खेत में छुपाको रक्खे इनो." मला ते दिसत होतं. पण तेवीस माणसांना खोटं पाडायचं म्हणजे मला पुन्हा त्या गावात पाणी कोण देईल?

आणि मग तू आलीस. हातात दोरी, दोरीला कुत्रं, कुत्र्याच्या गळ्यात जमादारचा तांबडा पट्टा, बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी लावलेला. आत्या, आपला जमादार काळाभोर आहे. त्याचा डावा कान लांडग्यानं फाडलेला आहे. तू आणलेलं कुत्रं होतं पिवळं, धडधाकट, दोन्ही कान शाबूत. मी विचारलं, "आत्या, हा जमादार?" तू म्हणालीस, "व्हय." मी म्हटलं, "हा तर पिवळा दिसतोय." तू म्हणालीस, "उन्हानं रंग उडालाय." मार्गशीर्षाच्या थंडीत! "आणि कान?" "बरा झाला. हळद लावली." असं म्हणून तू माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलंस, ती नजर मी ओळखतो. चौथीत असताना मी शाळा बुडवून हर्सूलच्या तळ्यावर गेलो होतो, आणि तू मास्तरांना सांगितलंस की बन्सीला ताप आहे. तेव्हा हीच नजर होती, मला सांगणारी, की आता गप राहायचं. मी गप राहिलो. वहीत लिहिलं: क्रमांक चौदा, जमादार, मालकीण मनकर्णाबाई. हे माझं चुकलं. ते कुत्रं कुणाचं आहे हे मी विचारलंच नाही, हे माझं दुसरं चुकलं.

ते कुणाचं होतं हे पाऊण तासानं सगळ्या गायरानानं पाहिलं. काकासाहेबांनी आधीच जाहीर केलं होतं की आमचा टायगर पैठणला पाहुण्यांकडं गेलाय, नाहीतर पहिला नंबर त्याचाच लावला असता. खरं म्हणजे टायगर त्यांच्या मळ्यात उसाच्या फडापाशी बांधलेला होता, आणि तिथून त्याला भाकरी दाखवून घेऊन आलीस तू. (उपाशी ठेवायचं सांगितलं होतं. नंतर ट्रेमध्ये तुझ्या भाकरीचे तुकडे निघाले. मी तुझी भाकरी कुठंही ओळखतो.) काकासाहेब हार घालून, नवं धोतर नेसून भाषणाला उभे राहिले. गावाचं आरोग्य, जनतेचं सहकार्य असं काय काय चाललं होतं. टायगरनं मालकाचा आवाज ऐकला मात्र, खुंटी उपटून निघाला. शेपटी हलवत, घंटी वाजवत, थेट काकासाहेबांच्या पायाशी. दोन पायांवर उभा राहून त्यांच्या छातीवर हात ठेवले, तोंड चाटलं, आणि तिथंच, त्याच वेळी, औषधाला अर्धा तास पुरा झाला.

धोतराचं मी काही लिहीत नाही, गुरुजी मोठ्यानं वाचतात. पण काकासाहेबांचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. आपलं म्हणावं तर पैठणला गेलेलं कुत्रं इथं कसं? ते ओरडले, "कुणाचं कुत्रं हाय हे?" आणि तू गर्दीतून पुढं होऊन, दोरी धरून, एवढी शांतपणे म्हणालीस, "माझा जमादार हाय, सरपंच. लई मायाळू हाय, कुणालाबी चाटतो." आत्या, माझं हसू अजून गेलेलं नाही. प्रयोगशाळेत एकटा बसल्यावर आठवतं आणि बाटली हातातून पडायची वेळ येते.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. तेवीस कुत्र्यांपैकी पाचांत तो जंत निघाला, आणि क्रमांक चौदा त्यात होता. निकालाचा कागद मी नेमानं पंचायतीकडं धाडला आणि काकासाहेबांनी तो चावडीवर वाचला: जमादार, मालकीण मनकर्णाबाई. दुसऱ्या दिवशी कोतवाल लाडू घेऊन तुझ्या दारात आला आणि तू मुसळ घेऊन उंबऱ्यात उभी राहिलीस. त्याला खरं सांगावं तर सरपंचाचं कुत्रं चोरून आणलं हे सांगावं लागतं. न सांगावं तर जमादार जातो. तू त्यातलं काहीच सांगितलं नाहीस. तू एवढंच म्हणालीस की बन्सीची वही खोटी आहे. ते खरंच होतं आणि मला ते लागलं.

त्या संध्याकाळी मी डॉक्टर व्यंकटरावांपुढं जाऊन उभा राहिलो आणि सगळं ओकलो. ते आधी माझ्यावर असे भडकले की काय सांगू. म्हणाले, "रोग शोधायचा म्हणजे काय गंमत वाटली का तुला? नाव नसलेलं परवडतं, चुकीचं नाव परवडत नाही. निरोगी कुत्र्याला लाडू घालाल आणि जंतवालं घराघरात तोंड चाटत फिरेल!" मग त्यांनी विचारलं, "रंगाचं काय म्हणाली ती बाई?" मी सांगितलं, उन्हानं उडाला. ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

चार दिवसांनी ते स्वतः बोरदरीला आले, काकासाहेबांच्या माडीवर चहा प्यायले, आणि त्यांना एकट्याला सांगितलं की चौदा नंबरचं कुत्रं म्हणजे तुमचा टायगर हे मला ठाऊक आहे, लाडू घालायचा तर त्याला. तासाभरात काकासाहेबांना मुक्या जनावरांचा असा कळवळा आला की त्यांनी विषाचा ठराव रद्द करून टाकला. सगळ्या कुत्र्यांना नवीन गोळी द्यायची, आणि नवसाच्या कंदुरीच्या जागेपाशी खोल खड्डा खणायचा, असं ठरलं. आता खड्डा कशाला ते ऐक, आत्या, कारण हे तुझ्याशी संबंधित आहे. मेंढराच्या काळजात, फुफ्फुसात ते पाण्याचे फुगे असतात ना, तेच. कंदुरीला मेंढरू कापलं की खाटीक ते फुगेवालं काळीज बाजूला टाकतो. कुत्र्यानं ते खाल्लं की त्याच्या पोटात जंत होतो. कुत्रं जिथं फिरतं तिथं अंडी पडतात, ती गवतावरून परत मेंढरात जातात. आणि कुत्र्याच्या केसांवरून, जिभेवरून, आपल्या हाताला लागून भाकरीतून माणसात. पुंजारामला झालं ते असं. नुसती कुत्री मारून उपयोग नाही, पुढच्या कंदुरीला दुसरी येतील आणि तेच काळीज खातील.

आणि ते काळीज टोपलीत गोळा करून गावातल्या कुत्र्यांना वाढतेस तू. आत्तोबा गेले तेव्हापासून, दर कंदुरीला, मुक्या जिवाचा घास म्हणून. मी लहानपणी ती टोपली धरून तुझ्यामागं चालायचो. तुझा यात काडीचा दोष नाही. तू पुण्य समजून केलंस आणि तुला कधी कुणी सांगितलं नाही. मला कळत होतं तेव्हाही मी सांगितलं नाही, कारण तो घास वाढताना तुझ्या तोंडावर जे समाधान असतं ते मला मोडवेना. आता सांगतो. या साली तो घास खड्ड्यात पुरायचा. जमादारला भाकरी घाल, दूध घाल, माझ्या वाटचा लाडू घाल.

गोळ्या देण्याआधी पुन्हा तपासणी झाली, त्या दुसऱ्या फेरीत, तुला आठवत असेल, खरा जमादार आला. फाटक्या कानाचा, काळा. नेहमीसारखा छत्री पाहून भ्याला, तेव्हा माझी खात्रीच पटली. त्याचा ट्रे मीच पाहिला. काळ्या ट्रेमध्ये पांढरे तीळ. मी तीन वेळा मोजले, मोजून कमी होतील अशा आशेनं. कमी झाले नाहीत. तर आत्या, त्याला गोळी द्यायची आहे, दोन दिवस बांधून ठेवायचं आहे, आणि तो तुझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. म्हणून सोमवारी त्याला घेऊन तू औरंगाबादेला माझ्याकडं ये. चार दिवस राहा. माझी खोली लहान आहे, पण गच्ची आहे. एवढंच मागणं.

गुरुजींच्या घरी सर्वांना नमस्कार. सरूबाईला सांग की मी तिच्या हाताला नावं ठेवली नाहीत. मांजराला, माझ्या वाटचं सगळं बोलणं ऐकून घेतल्याबद्दल, आशीर्वाद.

तुझा भाचा,
बन्सी

ता. क. — एस.टी.त कुत्रं घेत नाहीत, म्हणून काकासाहेबांची जीप ठरवली आहे. टायगरही त्याच जीपनं गोळी घ्यायला येणार आहे. दोघांचे पट्टे नीट बघून घाल.

आणखी ता. क. — (गुरुजी, हे फक्त तुमच्यासाठी. मनात वाचा, हात जोडतो. जमादारची गोळी गावातही देता येते, ती माझ्या खिशात आहे. जमादार हे निमित्त. इथं एका डॉक्टरांकडं पोटातलं दाखवणारं नवं मशीन आलंय, मंगळवारचा नंबर लावून ठेवलाय. पुंजारामचा गोळा असाच होता. याच बाजूला, बरगडीखाली, तोही वायगोळाच म्हणायचा. आत्याचा तोच असेल असं नाही. पण तोच असला तर आत पाण्याची पिशवी असते, आणि पोट चोळताना ती फुटली तर जिवावर बेततं, म्हणून सरूबाईला थांबवा. वेळेवर काढली तर माणूस बरा होतो, पुंजाराम आज मेंढरांमागं हिंडतोय. आत्तोबांना दवाखान्यात नेलं ते परत आले नाहीत, तेव्हापासून आत्यानं दवाखान्याची पायरी चढायची नाही असं ठरवलंय. खरं सांगितलं तर ती येणार नाही. गुरुजी, माझी आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मला आई म्हणून जे काही ठाऊक आहे ते ही बाई आहे. मला फार भीती वाटते.)

शेवटचा ता. क. — आत्या, वरचा कंस गुरुजींनी मोठ्यानं वाचला असणार. त्यांच्यावर चिडू नकोस. ते वाचणार हे मला लिहितानाच ठाऊक होतं, म्हणूनच लिहिला. दोनदा हे सांगायला गावात आलो आणि दोन्ही वेळा तुझ्या हातचं जेवून तसाच परत गेलो. तोंडानं निघत नव्हतं. आता तुला कळलंय. सोमवारी जीप दारात येईल, मंगळवारी त्या डॉक्टरांकडं मी तुझा हात धरून उभा राहीन, आणि तुझं नाव मीच सांगीन. फक्त तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. सरूबाईला तुझं लुगडं नेसवून धाडलंस आणि उन्हानं रंग उडालाय म्हणालीस, तरी या वेळी मी गप राहणार नाही.